नोंदीपुरता धर्म

नमाजाची वेळ आणि किब्ल्याची दिशा सांगणारे ‘मुस्लिम प्रो’ नावाचे एक ॲप आहे. जगभर कोट्यवधी लोकांनी ते आपल्या फोनवर घेतले. मक्केची दिशा दाखवायची तर माणूस उभा कुठे आहे हे ॲपला कळावे लागते. तेव्हा त्याने जागा विचारणे वाजवीच होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने उघड केले की ही जागेची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या दलाल कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांमध्ये अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. बातमी आल्यावर ॲपच्या मालकांनी हा व्यवहार थांबवल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेचा एक वरिष्ठ पदाधिकारी पायउतार झाला. बाजारात विकत मिळणाऱ्या ॲपच्या माहितीवरून त्याच्या फोनचा माग काढण्यात आला होता, आणि तो काढणारे कॅथलिक बातम्या देणारे एक संकेतस्थळच होते. पहिल्या प्रकरणात श्रद्धावंतांवर नजर ठेवण्याची सोय परक्यांच्या हाती गेली, दुसऱ्यात ती स्वधर्मीयांनी वापरली. विकणाऱ्याला दोन्ही गिऱ्हाइके सारखीच.

अशा घटनांकडे बहुधा खासगीपणाचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. तो आहेच. पण त्यांच्या तळाशी खुद्द धर्माविषयीचा एक प्रश्न आहे, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. इंटरनेटवरचा धर्म हा विषय निघाला की तक्रार करणारे बहुतेक वेळा धर्माविषयी साशंक असलेले लोक असतात. द्वेष पसरतो, अंधश्रद्धा वाढते, दंगली होतात, असे ते म्हणतात. आणि श्रद्धावान माणूस हा आपल्यावरचा हल्ला समजून त्या माध्यमाचा कैवार घेतो. मला वाटते, इथे बाजूंची अदलाबदल झाली आहे. या धंद्याने सगळ्यात मोठे नुकसान केले आहे ते श्रद्धेचे, आणि पहिली हरकत श्रद्धावंतांनीच घ्यायला हवी. जाहिरातीवर चालणाऱ्या कंपन्यांना माणसाचा धर्म दिसतो तो फक्त नोंद म्हणून, त्याने दिलेली किंवा त्याच्याकडून काढून घेतलेली खूण म्हणून. आचरण, व्रत, शंका, पश्चात्ताप, मौन यांतले काहीच त्या नोंदीत येत नाही. आणि जे नोंदीत येते त्यालाच जिथे दाद मिळते, तिथे काही वर्षांत माणूसही आपला धर्म तेवढाच समजू लागतो.

यावर कोणी म्हणेल, श्रद्धेची नोंद आणि तिचा व्यवहार आजचा थोडाच आहे? खरे आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत. कोणत्या गावचे कोणते घराणे, कोण कोणत्या साली आले, कोणाचे दिवस करायला आले, सोबत कोण होते, हे सगळे त्यांत सापडते. यजमानांची गावे उपाध्यायांनी वाटून घेतलेली असत, त्यांवरून तंटे होत, आणि दक्षिणा तर होतीच. म्हणजे श्रद्धाळूंची माहिती गोळा करून तिच्यावर उपजीविका करणे ही सिलिकॉन व्हॅलीची कल्पना नव्हे. पण त्या वहीकडे नीट पाहिले की फरक दिसू लागतो. तिथली नोंद यजमानासमोर होते. त्याला ती वाचता येते, पणजोबांची सही पाहता येते, खाली आपली सही करता येते. ती ज्या कामासाठी ठेवली आहे ते काम त्याला ठाऊक असते आणि त्याच्या नातवंडांनाही ती उपयोगी पडते. उपाध्यायाला तिच्यातून पैसा मिळतो तो यजमान आल्यावर, त्याच्याच हातून. यजमान घरी कोणाशी बोलतो, रात्री किती वाजता झोपतो, कशाने चिडतो, हे उपाध्यायाला माहीत नसते आणि ते जाणून घेण्यात त्याचा काही लाभही नसतो. नव्या वहीत नेमके हेच लिहिले जाते. ती यजमानाला दाखवली जात नाही, आणि तिचा पैसा तिसऱ्याच माणसाकडून येतो.

हा तिसरा माणूस म्हणजे जाहिरातदार. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे १३५ अब्ज डॉलर होते. त्यातले जवळपास १३२ अब्ज जाहिरातींतून आले. जाहिरातदाराला माणूस एकेकटा नको असतो, त्याला गट हवा असतो, आणि गट करायचा तर माणसांवर खुणा असाव्या लागतात. धर्म ही अशी एक खूण होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की धार्मिक प्रथा आणि धार्मिक गट यांच्याशी निगडित असलेले काही पर्याय जाहिरातदारांना पुढच्या जानेवारीपासून मिळणार नाहीत. ही सुधारणा स्वागतार्ह होती. पण तोवर ते पर्याय मिळत होते, हे त्याच घोषणेतून सिद्ध होते. शिवाय खूण उघडपणे मागावी लागतेच असे नाही. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली ५८ हजारांवर स्वयंसेवकांच्या फेसबुकवरच्या ‘लाइक’ तपासल्या. माणूस ख्रिस्ती आहे की मुसलमान, हे केवळ त्यांच्या आधारे १०० पैकी ८२ वेळा बरोबर ओळखता आले. ज्याने आपला धर्म कुठेच लिहिलेला नाही, ज्याला तो लिहावासाच वाटत नाही, त्याच्यावरही शिक्का मारता येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही ठरतो.

श्रद्धेच्या दृष्टीने हे का वाईट? कारण न सांगणे हाही श्रद्धेचाच एक भाग आहे. उपासना गुप्त ठेवावी, दान करताना एका हाताचे दुसऱ्याला कळू नये, गुरुमंत्र कोणाला सांगू नये, अशा शिकवणी वेगवेगळ्या धर्मांत आहेत, आणि त्या लाजेपोटी आलेल्या नाहीत. देव आणि भक्त यांच्यामध्ये प्रेक्षक आला की भक्ती त्याच्याकडे पाहू लागते, हा अनुभव त्यांच्यामागे आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काचा जो निकाल दिला, त्यात ही बाब स्पष्टपणे आली आहे. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदातल्या धर्मस्वातंत्र्यात धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि ती निवड जगासमोर मांडण्याचे किंवा न मांडण्याचेही आहे, असे त्यात म्हटले आहे. न मांडण्याचे हे स्वातंत्र्य निधर्मी माणसापेक्षा धार्मिक माणसाच्या अधिक उपयोगाचे आहे. तरीही त्याच्या रक्षणासाठी धार्मिक संघटनांनी काही खटपट केल्याचे फारसे दिसत नाही. २०१९ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण विधेयकात धार्मिक श्रद्धा ही संवेदनशील माहिती मानली होती आणि तिला अधिक कडक संरक्षण होते. २०२३ साली संमत झालेल्या कायद्यात संवेदनशील माहितीचा तो वेगळा वर्गच राहिला नाही. चित्रपटातल्या एखाद्या गाण्यावरून रस्त्यावर येणाऱ्या संघटना या बदलावर गप्प राहिल्या.

नोंदीचा दुसरा दोष असा की तिला रकाने लागतात, आणि खरी धार्मिक माणसे अनेकदा रकान्यांत बसत नाहीत. महाराष्ट्रात याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरात जन्मले, मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिते झाले आणि वारकऱ्यांनी त्यांना संत म्हणून स्वीकारले. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच ज्यांनी तो घडवून आणला त्यांच्याशीच पत्रांतून वाद मांडला. येशूला मानते, पण तुमच्या पंथाचा प्रत्येक सिद्धान्त मानेनच असे नाही, ही त्यांची भूमिका शेवटपर्यंत टिकली. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, अभंगांच्या वळणाने ख्रिस्ताची भजने रचू लागले आणि १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. ही तिन्ही माणसे अर्धवट धार्मिक होती असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांची श्रद्धा इतकी खोल होती की तिने आखून दिलेल्या रेषा ओलांडल्या. आज त्यांच्यासारख्या कोणाच्या वागण्यावरून यंत्राने अंदाज बांधला, तर एक तर ते चुकीच्या रकान्यात पडतील, किंवा त्यांना त्या रकान्यातल्या लोकांच्या आवडीचे तेवढेच दाखवले जाईल, आणि रेषेपलीकडचे काही त्यांच्या नजरेलाच पडणार नाही. रमाबाईंना घडवले ते त्यांच्या आसपासच्या लोकांना न आवडणाऱ्या पुस्तकांनी. ज्या व्यवस्थेत आवडीचेच वाढून येते, तिच्यात असे शोधक घडणे अवघड आहे.

रकाने सरकारनेही केले, त्याचे काय? १९११ च्या जनगणनेत मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्यांनी गुजरातेतल्या काही समाजांसाठी ‘हिंदू-मुहम्मदन’ अशी जोडनोंद केली, कारण त्यांच्या चालीरीतींत दोन्ही होते. वरिष्ठांना ती रुचली नाही. माणूस या किंवा त्या रकान्यात बसलाच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. वसाहतीच्या शिरगणतीने धर्मांच्या सीमा घट्ट केल्या, हे इतिहासकारांनी पुष्कळ पुराव्यानिशी दाखवले आहे, आणि ते मला मान्य आहे. छापखान्यांनी आणि धर्मांच्या नावाने निघालेल्या वृत्तपत्रांनी त्यात भर घातली, हेही मान्य. पण यावरून आजचे प्रकरण जुनेच आहे असा निष्कर्ष निघत नाही. शिरगणती दहा वर्षांतून एकदा दाराशी येत असे. तिचे उत्तर देऊन झाले की माणूस पुन्हा आपल्या पिराला नवस बोलायला आणि आपल्या देवीची ओटी भरायला मोकळा होता. तुम्ही शेजाऱ्याशी भांडलात म्हणून गणना करणाऱ्याचा पगार वाढत नव्हता. आजची गणना दिवसभर चालते, आणि भांडणातून तिचे उत्पन्न वाढते.

भांडणातून उत्पन्न वाढते हे विधान गंभीर आहे, म्हणून त्याचा पुरावा पाहू. २०१७ साली अमेरिकी संशोधकांनी ट्विटरवरचे पाच लाख ६३ हजारांहून अधिक संदेश तपासले. ज्या शब्दांत नीतीचा निवाडाही असतो आणि भावनाही असते, अशा प्रत्येक शब्दामागे संदेशाचा प्रसार सुमारे २० टक्क्यांनी वाढत होता. २०२१ साली सत्तावीस लाख नोंदींवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की विरोधी गटाचा उल्लेख करणारा प्रत्येक शब्द ती नोंद पुढे पाठवली जाण्याचा संभव सुमारे ६७ टक्क्यांनी वाढवतो. दोन्ही अभ्यास अमेरिकेच्या राजकारणावरचे आहेत. आपल्याकडच्या धर्मावर ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण स्वगट, परगट आणि नैतिक संताप या गोष्टी राजकीय पक्षांपेक्षा धर्मात कमी तीव्र असतात, असे मानायला काही आधार दिसत नाही. तिसरा पुरावा अधिक थेट आहे. २०१७ पासून फेसबुकने संदेशांचा क्रम लावताना चेहऱ्यांच्या चिन्हांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले होते, आणि त्यांत रागाचा लाल चेहराही होता. २०२० मध्ये रागाचे वजन शून्यावर आणले गेले. हा तपशील २०२१ मध्ये कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून बाहेर आला. मधली वर्षे कोट्यवधी माणसांसमोर काय यावे हे ठरवताना रागाला पसंतीहून अधिक किंमत होती. ज्या धर्मांच्या संतांनी क्रोधाला माणसाचा वैरी म्हटले, त्या धर्मांची चर्चा अशा तराजूत तोलली गेली.

याचा परिणाम धार्मिक गटांच्या आतल्या जीवनावर कसा होतो, हे मला दंगलींइतकेच महत्त्वाचे वाटते. कीर्तनात, प्रवचनात, शुक्रवारच्या खुत्ब्यात किंवा विहारातल्या वंदनेनंतरच्या बोलण्यात बहुतेक वेळ ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याबद्दल बोलले जाते: लोभ सोड, खोटे बोलू नकोस, आईबापांना सांभाळ. हे ऐकायला कठीण असते. ते ज्याच्याबद्दल असते तो समोर बसलेला असतो. गटातल्या संदेशांत हा भाग लवकर गळून पडतो, कारण स्वतःच्या दोषाबद्दलचा मजकूर कोणी उत्साहाने पुढे पाठवत नाही. पुढे जातो तो ‘त्यांच्या’ दोषाबद्दलचा मजकूर. हळूहळू धर्माच्या नावाने जे बोलले जाते त्यात आत्मपरीक्षण उरत नाही आणि पहारा तेवढा उरतो. अशा गटात वर्षभर राहिलेला माणूस आपल्या धर्माचा कडवा अभिमानी होतो, पण त्याला आपल्या धर्माचे एखादे स्तोत्र नवे पाठ झालेले नसते, एखादे व्यसन सुटलेले नसते, एखादे जुने वैर मिटलेले नसते. त्याच्या धर्मासाठी ही वाढ म्हणावी की झीज?

कंपन्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात, माध्यम आरसा आहे, माणसे जशी आहेत तशी त्यात दिसतात. या युक्तिवादाला व्हॉट्सॲपचा इतिहासच उत्तर देतो. तिथे क्रम लावणारे यंत्र नाही, म्हणून तो उलट बाजूचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. पण नीट पाहा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत फोनवरून फिरत होती. डौर वाजवत, भैरवनाथाची गाणी म्हणत दारोदार भिक्षा मागणे हा या जमातीचा पिढीजात धर्म. खेड्यापाड्यांतल्या बायका त्यांना सुपातून धान्य घालत आल्या, ते नाथांचे नाव घेऊन दारात आले म्हणून. नाव-गाव विचारण्याची, दोन शब्द बोलून माणूस ओळखण्याची ती जुनी रीत एका मालक नसलेल्या संदेशाने मोडली. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि कंपनीच्याच सांगण्यानुसार अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटले. माणसे तीच होती, त्यांचे स्वभावही तेच होते. एक बटण बदलल्याने त्यांचे वागणे बदलले. जे रचनेने घटते ते रचनेने वाढलेलेही असते.

एप्रिल २०२० मध्येच, १६ तारखेला, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात जूना आखाड्याचे दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. तिथेही चोर-दरोडेखोरांची अफवा होती. पण त्यानंतरचे काही दिवस अधिक बोलके आहेत. हत्येची चित्रफीत देशभर गेली, तिला हिंदू-मुस्लिम रंग चढवला गेला, आणि अटक झालेल्यांत एकही मुसलमान नाही हे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीरपणे सांगावे लागले. दोन संन्यासी मेले होते. संन्यास घेणारा आपले कूळ, नाव आणि घर मागे टाकतो. स्वतःचे श्राद्ध स्वतः करून सगळ्या जुन्या ओळखी संपवतो. त्यांच्या मृत्यूवर शोक करायचा तर हे आठवायला हवे होते. ते कोणाला आठवले नाही. ते कोणत्या बाजूचे आणि मारणारे कोणत्या बाजूचे, एवढेच विचारले गेले, कारण तेवढ्याच प्रश्नाला वेग होता. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात औरंगजेब आणि टिपू सुलतान यांची चित्रे असलेल्या मोबाइल-स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. स्टेटस चोवीस तासांत आपोआप नाहीसे होते. त्याच्यामागे कसलेही व्रत नाही, अभ्यास नाही, साधना नाही. ते लावणाऱ्याच्या आणि त्यावर चिडणाऱ्याच्या धार्मिक जीवनात त्याने काय भर घातली, हा प्रश्न दोन्हींकडच्या वडीलधाऱ्यांनी विचारायला हवा होता.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. ओळखीची टिंगल करणे ज्यांची ओळख कधी हिरावली गेली नाही त्यांना परवडते, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. ज्यांना देवळात, पाणवठ्यावर, पंगतीत जागा नव्हती, त्यांना स्वतःचे नाव उंच आवाजात घेता येणे ही मुक्ती आहे. मुख्य प्रवाहातल्या संपादकांनी ज्यांचे लेखन छापले नाही त्या आंबेडकरी तरुणांना इंटरनेटने व्यासपीठ दिले. एकमेकांपासून लांब असलेले लोक त्यामुळे जोडले गेले. हे श्रेय मी नाकारत नाही. पण ओळख जाहीर करणे म्हणजे काय, हे शिकायचे तर बाबासाहेबांच्याच आयुष्याकडे पाहायला हवे. हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा त्यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात केली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात. मधली एकवीस वर्षे वाचन, तुलना, वाद आणि विचार यांत गेली. दीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा आल्या, आणि त्यांत जुन्या देवांचा त्याग जसा आहे तसा चोरी न करण्याचा, खोटे न बोलण्याचा, दारू न पिण्याचा निश्चयही आहे. लाखो लोकांनी ती ओळख स्वीकारली आणि तिची किंमत मोजली; केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना १९९० पर्यंत मिळाल्या नाहीत. म्हणजे घोषणा होती, पण तिच्या आधी विचार होता, तिच्यासोबत आचार होता आणि तिच्या मागे झीज सोसण्याची तयारी होती. वारकऱ्याच्या गळ्यातली तुळशीची माळही अशीच आहे. ती खूणच आहे, सगळ्यांना दिसते. पण माळ घातली की मांस-मद्य सुटते, एकादशी येते, वारी येते. आणि ती निभावत नसेल तर गावच त्याला विचारते. माझा विरोध ओळखीला नाही. जी ओळख जाहीर करायला काहीच लागत नाही आणि जाहीर केल्यावर काहीच करावे लागत नाही, तिला खऱ्या ओळखीच्या जागी बसवण्याला आहे.

तंत्रामुळे भक्तांची सोयही झाली, हे वेगळे सांगायला नको. २०२० च्या आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकऱ्यांनी घरी बसून विठ्ठलाचे दर्शन घेतले. परदेशातला मराठी माणूस, इस्रायलमधले मराठी बोलणारे बेने इस्रायल, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे यांच्यासाठी पडद्यावरचे कीर्तन किंवा प्रार्थना खरी असते. ती खोटी ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र दर्शन दाखवणे वेगळे आणि दर्शन घेणाऱ्याची नोंद करून ती वापरणे वेगळे. बंगळुरूचे ‘श्री मंदिर’ हे २०२० मध्ये उभे राहिलेल्या कंपनीचे ॲप असो किंवा तसे दुसरे, घरबसल्या पूजा आणि चढावा यांची सोय करणाऱ्या या धंद्यांत आता गुंतवणूकदारांचा पैसा आला आहे. गुंतवणूकदाराला वाढ लागते. भक्ताला मात्र तृप्ती लागते. नवस फेडून झाला, मन शांत झाले, आता महिनाभर काही मागायचे नाही, अशी अवस्था प्रत्येक धर्माने चांगली मानली आहे. आणि नेमकी तीच अवस्था त्या व्यवसायाला परवडत नाही. चिंतेची आठवण पुन्हा पुन्हा करून द्यावी, असे त्याच्या हिशेबातच येते. चालवणाऱ्यांचा हेतू शुद्ध मानला तरी हा पेच सुटत नाही.

म्हणून हरकत घ्यायची ती धर्मसंस्थांनी, आणि सुरुवात स्वतःच्या दारापासून करायची. मोठ्या देवस्थानांत ऑनलाइन दर्शनपास काढताना भाविकाला नाव, मोबाइल क्रमांक आणि ओळखपत्राचा तपशील द्यावा लागतो. ही माहिती किती दिवस ठेवली जाते, पास काढून देणारी तंत्रकंपनी कोण, तिला या माहितीचे दुसरे काही करता येते का, हे विश्वस्तांनी दर्शनबारीपाशी मराठीत लिहून लावावे. मशिदीच्या कमिटीने नमाजाच्या वेळांसाठी एखादे ॲप सुचवण्याआधी ते जागेची माहिती कोणाला देते हे विचारावे; छापील वेळापत्रक भिंतीवर लावलेले असतेच, ते पुरेसे असेल तर तेच ठेवावे. चर्चने आणि विहारांनी आपल्या सभासदांच्या याद्या कोणत्या कंपनीच्या गटांत टाकल्या आहेत ते तपासावे. आणि २०१९ च्या विधेयकात असलेले, २०२३ च्या कायद्यातून गेलेले धार्मिक श्रद्धेच्या माहितीचे विशेष संरक्षण परत मागावे. ही मागणी करताना कोणत्याही धर्माला दुसऱ्याविरुद्ध उभे राहावे लागत नाही. चारही ठिकाणच्या लोकांनी एकाच निवेदनावर सह्या कराव्यात, आणि ते निवेदन आपल्या खासदाराकडे द्यावे.